छापखान्यात नव्याने आलेल्यांसाठी: मराठी अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन कसं करायचं

मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली की सोलापुरातली बरीच मुलं-मुली एखाद्या छापखान्यात किंवा डीटीपीच्या दुकानात कामाला लागतात. हाताला वेग असतो, कोरल (मजकूर-चित्रं मांडायचं सॉफ्टवेअर) थोडंफार येत असतं, आणि पहिल्याच आठवड्यात समोर लग्नपत्रिका येते. मीही अशीच लागले होते. मराठी चाळीसचं, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांचं, प्रमाणपत्र होतं, पण फर्मा म्हणजे काय, प्रूफ (छापण्याआधी तपासायची प्रत) कसं वाचतात, काळा रंग 'के'मध्येच का ठेवायचा, यातलं काहीच माहीत नव्हतं. लग्नसराई चालू होती, त्यामुळे शिकवायला कुणाला वेळ नव्हता. पुढे जे चुकत चुकत कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. छापून आलेल्या चुका मजकुराच्या पोटात कमी सापडतात. त्या सापडतात नावात, आकड्यात, वारात आणि सगळ्यात मोठ्या टायपातल्या शीर्षकात. तिथे डोळा अक्षरं वाचतच नाही. ओळखीचा शब्द दिसला की तो पुढे सरकतो. म्हणून प्रूफ 'वाचायचं' नसतं, एकेक अक्षर बघायचं असतं, आणि ते बघता येईल अशी सोय जुळणी करतानाच करून ठेवायची असते.

१. कामाला बसण्यापूर्वी जवळ काय हवं

मराठी शुद्धलेखनाच्या नियमांची छोटी पुस्तिका आणि एक शब्दकोश. या वर्षाची आणि पुढच्या वर्षाची दिनदर्शिका, शिवाय पंचांग. इंच आणि मिलिमीटर दोन्ही असलेली स्टीलची फूटपट्टी. लाल आणि निळं अशी दोन पेनं. पहिल्या प्रूफाला लाल आणि दुसऱ्याला निळं वापरलं की कुठली दुरुस्ती कधीची ते कळतं. पोस्टकार्डाएवढी जाड कागदाची पट्टी. छापलेल्या कागदावरचे ठिपके बघायला एक भिंग.

टायपिंग अजून व्हायचं असेल तर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षा द्या. मराठीचे ३० आणि ४० शब्द प्रतिमिनिट असे दोन टप्पे आहेत. नोकरीला ४० उपयोगी पडतं. पण छापखान्यात वेगापेक्षा इन्स्क्रिप्ट आणि रेमिंग्टन या दोन्ही कळपट्ट्या येणं जास्त कामाचं आहे, कारण जुनी मंडळी रेमिंग्टनवर असतात आणि नवा मजकूर युनिकोडमध्ये येतो.

२. गिऱ्हाइकाकडून मजकूर घेताना

तोंडी मजकूर घेऊ नका. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून सांगत असेल तर आधी कागदावर लिहून घ्या, त्यांना वाचून दाखवा आणि खाली सही घ्या. हीच तुमची मूळ प्रत. पुढे वाद झाला तर एवढाच कागद कामाला येतो, म्हणून काम संपेपर्यंत तो फेकायचा नाही.

घ्यायच्या गोष्टी अशा:

– सही केलेला मूळ मजकूर. नावं सुटी, ठळक, एकाखाली एक.
– कामाचा आकार, प्रतींची संख्या, कागद, रंग किती, कापणी-घडी कशी.
– फोटो मूळ फाइलमधून. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवायला सांगा. छापायच्या आकाराला तो ३०० डीपीआय भरला पाहिजे.
– बोधचिन्ह असेल तर त्याची मूळ रेखाफाइल (रेषांत काढलेली, मोठी केली तरी न फाटणारी). जुन्या पत्रिकेवरून स्कॅन केलेलं चालवून घेऊ नका.
– प्रूफ कोण बघणार त्या एकाच माणसाचं नाव.

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत अध्यक्ष एक दुरुस्ती सांगतात, सचिव दुसरी, आणि देणगीदार तिसराच फोन करतात. दुरुस्त्या एकाच्याच हातून आल्या पाहिजेत.

सोलापुरात नावांचा मामला जरा वेगळा आहे. इथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं शेजारी शेजारी आहेत. तेलुगू किंवा कन्नड मुळाचं आडनाव मराठीत कसं लिहायचं हे ज्याचं त्याचं घर ठरवतं. जोडाक्षर द्यायचं की नाही, ल की ळ, शेवट ऱ्हस्व की दीर्घ, हे त्यांच्या सहीप्रमाणे. तिथे शुद्धलेखनाचा नियम आडवा आणू नका. मी एकदा एका आडनावातलं जोडाक्षर स्वतःच 'सुधारलं' होतं. घरातल्या आजोबांनी पत्रिका हातात घेतली आणि शांतपणे म्हणाले, "बाई, आमचं घराणंच बदललंत तुम्ही." तेव्हापासून नाव बदलण्याआधी मी विचारते.

३. आधी फॉन्टचा निर्णय

मराठी जुळणीत दोन जगं एकत्र नांदतात. एक श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या सांकेतिक फॉन्टांचं आणि दुसरं युनिकोडचं. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षर किंवा एखादं चिन्ह असतं. फॉन्ट बदलला की सगळा मजकूर अगम्य होतो. युनिकोडमध्ये 'क' हा 'क'च असतो. पानं लावायच्या जुन्या पेजमेकर सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नाही, आणि जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठी तुटतं. इनडिझाइनमध्ये नीट चालतं, पण परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा लागतो. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली असेल आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत असतील, तर बहुतेक वेळा कंपोझरच चुकीचा निवडलेला असतो. फॉन्टला दोष देण्याआधी तिथे बघा.

एका सांकेतिक पद्धतीतून दुसरीत मजकूर बदलून घेतला, तर तो पुन्हा पहिल्यापासून तपासायचा. बदलताना रफार, पहिली वेलांटी, 'श्र', 'द्ध', 'ह्य' आणि मध्ये आलेले इंग्रजी शब्द हमखास बिघडतात.

फॉन्ट मराठी वळणाचाच घ्या. मराठीतले 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळ्या घडणीचे आहेत. मराठीसाठी वापरायच्या देवनागरीचं प्रमाण रूप राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात ठरवून दिलं आहे. पण फुकट मिळणारे पुष्कळ फॉन्ट हिंदी वळणाचे असतात. काही फॉन्टांत दोन्ही रूपं दडलेली असतात. मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की मराठी 'ल' दिसू लागतो. 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट मराठी रूपं घेऊनच येतो आणि पुस्तकाच्या मजकुराला फार छान दिसतो.

आता आकड्यांचा सापळा. देवनागरी १ आणि रोमन नऊ दिसायला जवळपास सारखे असतात. देवनागरी ४ घाईत रोमन आठसारखा दिसतो, आणि ५ चारसारखा. जुन्या फॉन्टात अर्धा मोबाइल नंबर मराठी फॉन्टमध्ये आणि अर्धा इंग्रजी फॉन्टमध्ये राहिला, तर डोळ्याला नंबर बरोबर वाटतो आणि फोन भलत्यालाच लागतो. एका कामात एकाच लिपीचे आकडे ठेवा. छपाईला जाण्यापूर्वी पत्रिकेवरचा नंबर प्रूफवरून बघून स्वतः लावा. मी आजही लावते.

४. पानाचं गणित

मराठी पुस्तकांचा नेहमीचा आकार म्हणजे डेमी १/८, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. त्यात समास (कडेची कोरी जागा) सोडून मजकुराची उंची ७ इंच धरू. एका इंचात ७२ पॉइंट, म्हणजे ५०४ पॉइंट. अक्षर १२ पॉइंट आणि ओळ १७ पॉइंटची धरली तर पानात २९ ओळी बसतात. एवढं गणित कागदावर आधी करा, म्हणजे पुस्तक किती पानांचं होईल हे लेखकाला पहिल्याच दिवशी सांगता येतं.

ओळीतलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवू नका. देवनागरीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय असतात. १२ पॉइंटच्या अक्षराला १४ पॉइंटची ओळ दिली तर वरच्या ओळीचा दुसरा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन टेकतो. मजकूर बसत नसेल तर आधी समास बघा, मग गिऱ्हाइकाला मजकूर कमी करायला सांगा. ओळी आवळणं हा सगळ्यात शेवटचा उपाय.

छपाई फर्म्याने होते. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं. एक फर्मा १६ पानांचा. शंभर पानांचं पुस्तक म्हणजे सहा फर्मे आणि वर चार पानं, आणि त्या चार पानांचा खर्च अंगावर येतो. ९६ पानांत बसवा, नाहीतर अर्पणपत्रिका, मनोगत, परिशिष्ट धरून ११२ पर्यंत न्या.

५. जुळणी करताना लावून घ्यायच्या सवयी

स्टाइल बनवल्याशिवाय एकही परिच्छेद लावू नका. शीर्षक, उपशीर्षक, मजकूर, तळटीप, प्रत्येकाची वेगळी स्टाइल असली की लेखकाने शेवटच्या दिवशी "अक्षर जरा मोठं करा" म्हटलं तरी काम पाच मिनिटांत होतं.

स्पेस मारून मजकूर मध्ये आणू नका आणि एंटर मारून पुढच्या पानावर ढकलू नका. दोन ओळींची दुरुस्ती आली की हे सगळं विस्कटतं. ओळ भरण्यासाठी शब्द हाताने तोडून संयोगचिन्ह घालणं हा त्याहून वाईट प्रकार. मजकूर सरकला की ते चिन्ह ओळीच्या मध्यावर येतं आणि 'सोला-पूर' असं छापून जातं.

मराठी शब्दांना प्रत्यय चिकटून शब्द लांबतात, त्यामुळे अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ केल्या की मधे पांढऱ्या फटी पडतात. अशा वेळी उजवी कड मोकळी सोडलेली बरी.

स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह यांच्याआधी जागा नको, नंतर हवी. कामाच्या शेवटी 'शोधा आणि बदला' वापरून दोन स्पेसच्या जागी एक करून टाका.

'ऱ्य' लिहायला आधी शिका, कारण हे अक्षर मराठीत सतत लागतं आणि नवख्यांना ते सापडत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'जे', मग 'डी', मग प्रश्नचिन्हाच्या कळीवर शिफ्टशिवाय 'य'. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' मान द्यायचा असतो आणि 'आचाऱ्यांना' स्वयंपाक सांगायचा असतो. समारंभाच्या पत्रिकेत ही दोन्ही माणसं असतात.

६. शुद्धलेखन: छापखान्यात रोज लागतं तेवढं

मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली सरकारमान्य झाले. तेव्हा ते १४ होते, १९७२ साली आणखी ४ आले. हे अठरा नियम एका बैठकीत वाचून होतात. सगळे पाठ नसले तरी पुढचे तीन हाताशी हवेतच, कारण आपल्या कामातल्या निम्म्याहून जास्त दुरुस्त्या यांतूनच निघतात.

पहिला नियम आपल्या गावाच्या नावातच आहे. गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ. म्हणून सोलापूर, पंढरपूर. 'सोलापूरला', 'सोलापूरचा', 'सोलापूरकर' इथे तो तसाच राहतो, कारण मागचा शब्द बदललेला नाही. पण 'सोलापुरात' आणि 'सोलापुरी' लिहिताना शेवटचा 'र' बदलतो, आणि त्याच्या आधीचा 'पू' ऱ्हस्व होतो. फूल-फुलांचा, बहीण-बहिणीला, गरीब-गरिबांना, सगळे याच चालीचे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र हलत नाहीत. परीक्षा-परीक्षेला, शरीर-शरीरात. चादरीच्या खोक्यावर 'सोलापूरी चादर' दिसलं की मला अजून लाल पेन काढावंसं वाटतं.

दुसरा नियम समासाचा, म्हणजे जोडशब्दांचा. 'भूमी' एकटी असताना दीर्घ लिहितो, पण मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्व आहे, म्हणून समासात आधी आला की 'भूमिपूजन'. तसंच मूर्तिप्रतिष्ठापना, कविसंमेलन, शक्तिप्रदर्शन, हरिनाम सप्ताह. मंत्री, विद्यार्थी, पक्षी हेही समासात ऱ्हस्व होतात: मंत्रिमंडळ, विद्यार्थिसंघटना, पक्षिमित्र. आपल्या सिद्धेश्वर यात्रेत मिरवणारे 'नंदिध्वज' याच नियमाने ऱ्हस्व, पण गावभर 'नंदीध्वज' छापलेलं दिसतं. 'लक्ष्मीपूजन' मात्र दीर्घच, कारण लक्ष्मी मुळातच दीर्घ आहे.

तिसरा नियम चिकटवण्याचा. मध्ये, पासून, पर्यंत, समोर, साठी, बरोबर हे शब्द मागच्या शब्दाला जोडून लिहायचे. 'सोलापूर मध्ये', 'आज पासून', 'मंदिरा समोर' हे तीन प्रकार फ्लेक्सवर सर्रास दिसतात.

मानाचा अनुस्वारही जपा. एकच पाहुणे असले तरी 'यांच्या हस्ते', 'मुख्यमंत्र्यांच्या'. उलट 'नांव', 'पांच' इथले जुने अनुस्वार केव्हाच गेले.

मग काही शब्द ठराविक जागी घसरतात. 'आशीर्वाद' यातला सगळ्यात मोठा. रफार 'वा'वर आहे, पण बोलताना जीभ तो आधी घेते, म्हणून 'शी'वर चढतो. जुन्या कळपट्टीत रफार अक्षरानंतर वेगळा द्यावा लागतो, तिथे तर हा घोटाळा आणखी सोपा होतो. महत्त्व, तत्त्व यांत दोन त. उज्ज्वलमध्ये दोन ज. पारंपरिकमध्ये दुसऱ्या 'प'ला काना नाही. कर्तृत्वमध्ये ऋकार. जीर्णोद्धारमध्ये द आणि ध, नुसता ध नाही. तुमच्या हातून जे चार शब्द वारंवार चुकतात ते एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा.

लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' हे अक्षरशः तसंच हवं. 'कां.' म्हणजे कांक्षिणी. त्यावरचा टिंब गेला की 'का.' उरतं आणि त्याला काही अर्थ राहत नाही. छपाईत बारीक टिंब शाईत बुजतो किंवा उडतो, म्हणून पत्रिकेवर हे संक्षेप फार लहान टायपात घेऊ नका.

७. प्रूफ बघायच्या चार फेऱ्या

प्रूफ पडद्यावर बघू नका, प्रिंट काढा. आणि स्वतः जुळवलेलं लगेच बघू नका. मध्ये निदान दुसरं एखादं काम करा, शक्य असेल तर रात्र जाऊ द्या.

पहिली फेरी फक्त नावांची. मूळ प्रत शेजारी ठेवून प्रत्येक नाव अक्षर अक्षर ताडून बघा. नावाच्या आधीचे श्री., सौ., कै., गं. भा., ह. भ. प. हेही नावाचाच भाग समजा. ही फेरी मी पहिली का ठेवते ते सांगते. कामाला लागून वर्ष झालं नव्हतं. एका घरचं प्रथम पुण्यस्मरणाचं पत्रक होतं. वरच्या ओळीची नक्कल करून मी खाली निमंत्रकांची नावं भरली, आणि नकलेबरोबर 'कै.' खाली आलं. ते जाऊन बसलं हयात असलेल्या थोरल्या मुलाच्या नावाआधी. तीनशे पत्रकं छापून, घडी घालून तयार होती. मुलगा घ्यायला आला, त्याने वाचलं, मला हाक मारली आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. एक शब्दही बोलला नाही. ती तीनशे पत्रकं आम्ही रात्री पुन्हा छापली, पण त्याच्या आईने पहिली प्रत बघितली असती तर काय झालं असतं हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही. आधीच्या कामाची फाइल उघडून नवं काम करायचं असेल, तर जुनी नावं आधी पुसून टाका आणि मगच नवी भरा. जुन्यावर नवं लिहीत जाऊ नका.

दुसरी फेरी आकड्यांची. तारीख आणि वार दिनदर्शिकेत जुळवा. तिथी, शके आणि मुहूर्ताची वेळ पंचांगात बघा. दाते पंचांग सोलापुरातूनच निघतं, त्यामुळे इथलं गिऱ्हाईक तिथी बघतंच, आणि चूक आपल्याआधी त्याला सापडते. शेंगाचटणीच्या पाकिटावर अन्नपरवान्याचा क्रमांक १४ आकडी असतो. बोट ठेवून चौदा मोजा, मग मूळ परवान्याशी दोन-दोन आकड्यांच्या तुकड्यांत ताडा. निव्वळ वजन, किंमत, पिनकोड, सगळं याच फेरीत.

तिसरी फेरी मोठ्या अक्षरांची: शीर्षक, मुखपृष्ठ, पुस्तकाच्या कण्यावरचं (पाठीच्या कडेवरचं) नाव, पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव, अनुक्रमणिका. अनुक्रमणिकेतला पानक्रमांक प्रत्यक्ष पान उलटून बघा. मुखपृष्ठ उलट्या क्रमाने, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे बघा. अर्थ तुटला की अक्षरं दिसू लागतात.

चौथी फेरी मजकुराची. जाड कागदाची पट्टी ओळीखाली धरून एकेक ओळ. दोन माणसं असतील तर फार उत्तम. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रूफवर बघायचं. वाचणाऱ्याने विरामचिन्हंही म्हणायची, आणि शंका असेल तिथे "पहिली वेलांटी", "दुसरा उकार" असं सांगायचं. अर्ध्या तासाने अदलाबदल करा, त्यापुढे डोळा थकतो.

दुसऱ्या प्रूफात फक्त लाल खुणा झाल्या का एवढंच बघून थांबू नका. एक दुरुस्ती करताना शेजारचा शब्द बिघडतो, ओळ सरकते, कधी परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाते. दुरुस्त केलेल्या ओळीच्या वरच्या आणि खालच्या दोन दोन ओळी पुन्हा बघा.

८. खुणा

मजकुरात खूण आणि त्याच ओळीच्या समोर समासात दुरुस्ती, असं दोन्हीकडे लिहायचं. एका ओळीत दोन दुरुस्त्या असतील तर समासात त्या मजकुराच्या क्रमाने, मध्ये तिरकी रेघ देऊन. काढायच्या अक्षरावर रेघ आणि समासात शेपटीचं वेटोळं. घालायच्या जागी खालून टोकदार खूण. जागा सोडायला दोन उभ्या-दोन आडव्या रेघांची जाळी, जवळ घ्यायला वर-खाली कंस. अदलाबदलीला नागमोडी रेघ. चुकून खूण केली असेल तर शब्दाखाली टिंबं देऊन समासात 'आहे तसंच' लिहा. प्रत्येक छापखान्याच्या थोड्या वेगळ्या सवयी असतात, तिथल्या उचला. शंका आली आणि उत्तर माहीत नसेल तर दुरुस्ती करू नका. समासात प्रश्नचिन्ह काढून लेखकाला विचारा.

९. तेलुगू आणि कन्नड मजकूर

शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांच्या पत्रिका पुष्कळदा मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही लिप्यांत असतात. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाच्या आसपास असं काम वाढतं. अक्कलकोटच्या बाजूने कन्नड येतं. जी लिपी वाचता येत नाही तिचं प्रूफ आपण बघितलं असं कधीही म्हणू नका. गिऱ्हाइकाकडून वाचता येणारा माणूस मागवा, त्याची त्या भागाखाली वेगळी सही घ्या. आपण फक्त तिन्ही लिप्यांतले आकडे आणि तारखा ताडायच्या, आणि पीडीएफमधला मजकूर मूळ फाइलसारखाच दिसतो आहे का, अक्षरांच्या जागी चौकोन आलेत का, हे बघायचं.

१०. मंजुरी

मोबाइलवर चित्र पाठवून "ओके" घेणं ही मंजुरी नव्हे. पाच इंची पडद्यावर अनुस्वार दिसत नाही. खऱ्या आकाराचा प्रिंट द्या, घरी नेऊ द्या, घरातल्या दोघांना वाचायला सांगा. परत आणल्यावर 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून तारखेसह सही घ्या. बाहेरगावचं गिऱ्हाईक असेल तर पीडीएफ पाठवा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. सहीनंतर दुरुस्ती आली तर नवा प्रिंट, नवी सही.

११. फाइल प्रेसला देताना

कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर रंग बाहेर सोडा, आणि मजकूर कापणीच्या रेषेपासून निदान ५ मिलिमीटर आत ठेवा. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी ('के'). काळा मजकूर फक्त शंभर टक्के 'के'. चार रंगांतून तयार झालेला काळा असेल तर प्लेटा (छपाईचे पत्रे) केसभर सरकल्या तरी वेलांट्यांना रंगीत सावली येते. गडद पट्टीवर पांढरी अक्षरं घ्यायची असतील तर जाड वजनाचा फॉन्ट घ्या.

कोरलमधून देताना मजकुराचे कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांची रेखाचित्रं होतात), पण नेहमी दुसऱ्या नावाने सेव्ह करून. मूळ फाइलचेच कर्व्ह झाले की एक अनुस्वार दुरुस्त करायला सगळी पत्रिका पुन्हा लावावी लागते. कर्व्ह केल्यावर एक प्रिंट काढून मंजूर प्रूफवर ठेवा आणि उजेडासमोर धरा. सरकलेली ओळ लगेच दिसते.

मशीन सुरू होताना हजर राहता आलं तर राहा. पहिला नीट आलेला कागद हातात घेऊन नाव, तारीख आणि शीर्षक पुन्हा एकदा बघा.

१२. निवडणुकीचं काम आलं तर

इथे चूक झाली तर गुन्हा दाखल होऊ शकतो, म्हणून वेगळं लिहिते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१च्या कलम १२७ क प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर किंवा भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांची नावं-पत्ते असायलाच हवेत. छापण्याआधी प्रकाशकाकडून त्याच्या ओळखीचं सही केलेलं निवेदन दोन प्रतींत घ्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांची साक्षांकित सही हवी. छापून झाल्यावर निवेदनाची एक प्रत आणि पत्रकाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात पाठवायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसती सभेची तारीख, वेळ आणि जागा सांगणारं हस्तपत्रक यात येत नाही, पण त्यावर आवाहनाची एक ओळ वाढली तरी ते पत्रक होतं. कार्यकर्ता कितीही घाईत असला तरी निवेदन हातात आल्याशिवाय फाइल प्लेटला देऊ नका.

१३. काम संपल्यावर

फोल्डरला वर्ष, महिना, गिऱ्हाइकाचं आडनाव आणि कामाचा प्रकार असं नाव द्या. त्यात मूळ फाइल, कर्व्ह केलेली फाइल, फॉन्ट, फोटो आणि सही केलेल्या प्रूफचा फोटो. 'फायनल', 'फायनल नवं', 'फायनल शेवटचं' अशा तीन फाइली ठेवू नका. छापलेली एकच ठेवा. मशीनवर ऐनवेळी केलेली दुरुस्ती मूळ फाइलमध्येही त्याच दिवशी करून टाका.

जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, पुढे जयंत्या, मग लग्नसराई, गणपती, नवरात्र, अशी कामं दरवर्षी फिरून येतात, आणि मंडळाचे कार्यकर्ते "मागच्या वर्षीचीच काढा, तारीख बदला" एवढंच सांगतात. तेव्हा जुन्या फाइलची नक्कल उघडल्यावर सगळ्यात आधी बदलायच्या जागांवर पिवळा रंग द्या: तारीख, वार, तिथी, शके, कितवं वर्ष, पदाधिकारी, आणि मागच्या वर्षीच्या यादीतलं कुणी वारलं आहे का. हे शेवटचं विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. सगळे पिवळे भाग पांढरे झाल्याशिवाय पहिलं प्रूफ काढू नका.